सिग्नलला गाडी थरथरते? आधी आरपीएमचा काटा बघा

घोडबंदर रोडला संध्याकाळी गाडी चालते कमी आणि उभीच जास्त असते, त्यामुळे आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालू राहणं) बिघडलं की आपल्या ठाणेकरांना लगेच जाणवतं. गॅरेजमध्ये गेलं की पहिलं ऐकू येतं, "प्लग बदलून टाकू." असतीलही प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) गेलेले, पण पार्ट बदलायच्या आधी काटा बघायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

इंजिन गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलला. बहुतेक पेट्रोल गाड्यांत काटा मिनिटाला 700 ते 900 फेऱ्यांच्या आसपास स्थिर राहतो. काटा हलत नाही पण सीट आणि स्टेअरिंग हादरतंय, तर संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर टेकलेलं असतं त्यांच्यावर, त्यांचं रबर बसलेलं असतं. (तीन सिलिंडरची गाडी मुळातच थोडी थरथरते, तिला चारवालीशी तोलू नका.)

काटा वरखाली होत असेल तर हवेचा मामला. थ्रॉटल बॉडीचा (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) पाइप काढून टॉर्च मारा, झडपेच्या कडेला काळा चिकट थर दिसेल. आयडलिंगला झडप जवळपास मिटलेली असते, हवा जाते ती त्या बारीक फटीतून, म्हणून थोडासा कार्बनही तिथे नडतो आणि हायवेला मात्र काहीच जाणवत नाही. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल परत सेट करून घ्यावं लागतं, हे गॅरेजवाल्याला आठवणीने सांगा. थर नसेल तर व्हॅक्यूमचे रबरी पाइप चाचपा, चीर गेली असेल तर बारीक फुस्स असा आवाज येतो, तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं.

आणि ठराविक लयीत झटके, सायलेन्सरमधून पुक-पुक, म्हणजे गाडी मिसिंग करतेय, एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. आता येतो प्लग आणि कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) नंबर. आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर, आणि सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे पेट्रोलवर ठीक चालणारा थकलेला प्लग सीएनजीवर लगेच उघडा पडतो. स्कॅनर लावून पी 0302 कोड (दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग) आला तर दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल तीनवर लावून बघायची, कोड पी 0303 झाला तर कॉइलच गेलीय, नाही झाला तर प्लग किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा) बघा, उगाच चारही कॉइलचे पैसे कशाला घालवायचे.

एक मात्र लक्षात ठेवा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं आणि तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.