घोडबंदर रोडवरचे 24 तास

डिसेंबरातली सकाळ. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका नाक्यावर वाहतूक आवरणारे, पन्नाशी ओलांडलेले काका छातीत धडधडतंय म्हणून आले. ईसीजी स्वच्छ. पण तो जेमतेम 10 सेकंदांचा; अधूनमधून येणारा जादा ठोका त्यात सापडेलच असं नाही. डॉक्टरांनी मला त्यांना होल्टर, म्हणजे 24 तास अंगावर राहून ठोके नोंदवणारा छोटा ईसीजी, लावायला सांगितला.

छातीवरचे केस काढून स्पिरिटने पुसलं, तर कापूस काळा निघाला. दुसऱ्यांदा पुसलं, नीट सुकू दिलं, मगच इलेक्ट्रोड चिकटवले. वायरींना वळसा देऊन चिकटपट्टी लावली, बॅटरी नवी घातली.

"काका, उद्यापर्यंत आंघोळ नाही. आणि चालणं, जेवण, चहा, धडधड, सगळ्याची वेळ डायरीत लिहायची."

"डंपर तोंडावर धूर सोडून गेला तर?"

"तेही लिहा."

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरने 4,212 जादा ठोके मोजले. हा आकडा तसाच उचलायचा नसतो. घामाने एक इलेक्ट्रोड सुटत आला होता. वायर हलली की रेघ उडायची आणि मशीन तिला रुंद, म्हणजे जादा ठोका समजायचं. खरा ठोका सगळ्या चॅनलवर, म्हणजे नोंदीच्या सगळ्या रेघांवर, एकाच वेळी दिसतो आणि त्याच्यामागे टी लाट, म्हणजे हृदय पूर्ववत होतानाची लाट, असते. दीड तास नोंदीची पट्टी चाळल्यावर 1,860 उरले. बहुतेक संध्याकाळी 6 ते 10 मधले, काका सिग्नलवर असतानाचे.

मला जास्त खटकला तो एसडीएनएन, म्हणजे नॉर्मल ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार. 24 तासांचा 68 मिलिसेकंद आला. 100 च्या खाली तो कमी धरतात. निरोगी हृदयाचे ठोके काटेकोर समान अंतराने पडत नाहीत, हृदयाला शांत करणारी व्हेगस नर्व्ह त्यांना लवचिक ठेवते. धुरातले पीएम 2.5 चे, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, फुप्फुसातल्या मज्जातंतूंची टोकं चेतवतात. हृदयाला पळवणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर चढतो, व्हेगसचा उतरतो. दाहाची रसायनं रक्तात मिसळतात ती वेगळीच. त्यात थंडीतल्या संध्याकाळी वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होते आणि धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवरच साचून राहतो.

तरी एका पट्टीवरून धुरावर बोट ठेवणं मला पटत नाही. त्याच चार तासांत काका उभे होते, शिट्ट्या मारत होते, तीन चहा झाले होते. मधुमेहातही एसडीएनएन घसरतो. शिवाय असे ठोके रोज सारखे येतच नाहीत. डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि साखर तपासायला सांगितली, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा होल्टर: वेळ तीच, चहा तेवढेच, फेऱ्या मात्र रस्त्यापासून दूर, येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी.

नव्या डायरीत मी 'धूर' असा वेगळा रकाना आखून दिला.