ट्रॉली कुठे लागणार, ते आधी ठरवा

घर बांधायला काढलं की सिमेंट-सळईचा हिशेब वहीत असतो, मलब्याचा मात्र कुणी मांडत नाही. स्लॅब पडेपर्यंत दारात ढीग तयार होतो: विटांचे तुकडे, काळी माती, पीओपी, रिकाम्या गोण्या, बिगाऱ्यांच्या चहाचे कप. असला सरमिसळ ढीग फुकट न्यायलाही कुणी येत नाही. तेच वेगवेगळं पडलं असतं, तर बरंचसं जागेवरच जिरलं असतं.

आधी आकडा काढा. नव्या कामात चौरस मीटरला ४० ते ६० किलो आणि पक्कं घर पाडताना ५०० किलो, असं ढोबळमानाने धरतात. हजार चौरस फुटांचा एक मजला पाडला तर साधारण ४६ टन. सुटा मलबा ब्रासला (१०० घनफुटांना) साडेतीन-पावणेचार टन भरतो, म्हणजे १२-१३ ब्रास. जुन्या जाड भिंतींना हा आकडा तोकडा पडतो. तिथे भिंत मोजा आणि येईल त्याच्या दीडपट धरा, कारण पडलेली भिंत फुगते.

आपल्याकडे खरी डोकेदुखी काळ्या मातीची. पाच बाय पाच, खोली पाच फूट, असे पायाचे १२ खड्डे घेतले की १५ ब्रास. सुटी झाल्यावर तीच माती १९ ब्रासच्या वर जाते. ‘जोत्यातच दाबून टाकू’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी उचलते. जोत्यात मुरूमच हवा. काळी माती शेतात जाऊ द्या. शेतं रिकामी असतात तोवर शेतकरी ती आनंदाने नेतो, पण एका ट्रॉलीत काच किंवा तारेचे तुकडे निघाले की दुसऱ्यांदा फिरकत नाही. मृगाआधी उचला. पाऊस पडला की ट्रॉली त्याच मातीत रुतते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मजूर गावी जातात, ते दिवस सोडूनच वाहन ठरवा.

जागेवर चुन्याने सहा बाय सहा फुटांचे तीन चौकोन आखा: वीट-प्लास्टर, काँक्रीट, आणि सळई-लाकूड-गोण्या. पहिल्या दोन चौकोनांत ढीग तीन फूट चढला की १०८ घनफूट, म्हणजे ब्रासभर झाला, ट्रॉली बोलवा. रोज मोजत बसायला नको. चौकोन फाटकाजवळ हवेत, पण कंपाउंडच्या भिंतीला टेकून नकोत. चार इंची भिंत ढिगाच्या रेट्याने बाहेर कलते, आणि मग तिचाही मलबा.

विटांचे चांगले भाजलेले तुकडे गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला (गळती रोखणाऱ्या वीट-तुकड्यांच्या थराला) चालतात. त्यांना चिकटलेलं जुनं प्लास्टर आधी झोडून काढा. उरलेले तुकडे जोत्याच्या भरावात घालता येतात, पण मुठीएवढे फोडून. सहा-सहा इंचांचा थर, फटीत मुरूम, पाणी, मग धुमसाने ठोका. मोठे तुकडे तसेच ढकलले की खाली पोकळ्या राहतात आणि वर्षभरात फरशी ठोकल्यावर ढबढब वाजते. भरावात लाकडाची ढलपी गेली तर वाळवीला आमंत्रण. पीओपी गेलं तर त्यातलं सल्फेट ओलाव्याबरोबर काँक्रीटला खातं.

फोडलेलं काँक्रीट चाळून खडी करता येते. खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या, आयएस ३८३ च्या, २०१६ च्या आवृत्तीत अशा खडीला एम २५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्के मुभा आहे. पण ती चाचणी करून घेतलेल्या खडीला. घणाने फोडलेली खडी आरसीसीत नको.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडायचं असेल तर जेसीबी शेवटी. आधी दारं, चौकटी, पत्रे. मग धाब्यावरची माती हाताने, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा. एकीकडून रिकामं केलं तर सर (छताच्या लाकडी तुळया) तिरपे होतात. धूळ बसवायला धाब्यावर पाणी मारणं ही नेहमीची चूक: भिजलेली माती जड होते आणि कुजलेला सर माणसासकट खाली येतो. पाणी खाली पडलेल्या मातीवर शिंपडा. सागाचे सर अखंड निघाले तर मजुरी सुटू शकते, जेसीबीने मोडले तर सरपण. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं: ओले करून, न फोडता, अखंड उतरवा आणि वेगळे ठेवा.

मोठ्या कामाला कागदही लागतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर मलबा असेल तर काम सुरू करण्याआधी नियोजन मंजूर करून घ्यावं लागे. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत, त्यांत २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे.

ट्रॉलीवाल्याला पैसे खेपेवर देताना माल कुठे ओतला, त्याचा फोटो मागा. नाहीतर माल वळणावरच्या नाल्यात जातो आणि पहिल्या पुरात त्याच गल्लीत परत येतो.