किल्ली म्हणे!

इजिप्तमध्ये लक्सरला पोहोचेपर्यंत अंखला ‘जीवनाची किल्ली’ म्हटलेलं ऐकून माझे कान किटले होते. अंख म्हणजे वर फास असलेलं क्रुसासारखं चिन्ह; प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत त्याचा अर्थ जगणं. अबू सिंबेलला मंदिराच्या दाराशी अंखच्या आकाराची भलीमोठी किल्ली घेऊन पहारेकरी उभा असतो. ती हातात धरून फोटो काढायला ही रांग! आत दगडी रामसेस राजा बसलाय, त्याच्याकडे कोणी बघेना. पुढचे दिवस बोटीवर गेले. जेवण बरं, सहप्रवासी असह्य.

लक्सरच्या कर्नाक मंदिरात तर चेंगराचेंगरीच. १३४ खांबांच्या त्या दालनात मला खांबांपेक्षा सेल्फी स्टिकच जास्त दिसल्या. वैतागून आम्ही आवारातल्याच उघड्या संग्रहालयात शिरलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. पहिल्या सेनुस्रेत राजाचं चुनखडीचं पांढरं देऊळ, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचं. पुढे तिसऱ्या आमेनहोतेप राजाने ते मोडून त्याचे दगड आपल्या दरवाजाच्या बुरुजात भर म्हणून टाकले होते. विसाव्या शतकात ते बाहेर काढून पुन्हा जुळवले. भरीत गाडलं गेलं म्हणूनच कोरीवकाम इतकं ताजं राहिलं.

त्यातल्या एका खांबापाशी मी किती वेळ उभा होतो, बायकोला विचारा. देवाने अंख थेट राजाच्या नाकाशी धरलाय. हातात नाही, डोक्यावर नाही, नाकाशी! जगणं म्हणजे श्वास, बस्स. यात किल्ली कुठून आली? तेव्हाची दारं अडसर ओढून, दोरी बांधून, वर मातीची मोहोर उठवून बंद करत. शेजारी हत्शेप्सुत राणीचं लाल देऊळ आहे. तिथे देव राणीवर पाणी ओततायत, आणि धारेत थेंबांऐवजी अंखच अंख. पुढे सूर्यपूजक राजा अखेनातेनच्या काळात सूर्यकिरणांना हात फुटले आणि त्या हातांत अंख आले. पण ऊन सगळ्यांवर पडतं आणि अंख मात्र राजाराणीच्याच नाकाशी. तेवढं मला खटकतंच.

मुळात अंख हे चित्र कशाचं? चित्रलिपीच्या चिन्हांची यादी करणाऱ्या अॅलन गार्डिनरने त्याला चपलेचा बंद म्हटलंय: वरचा फास घोट्याभोवती, खालचा भाग बोटांकडे. बंद आणि जगणं या दोन्हींचा उच्चार सारखा, म्हणून चित्र उसनं घेतलं. काहींना ती कापडाची गाठ वाटते, इसिस देवीच्या गाठीसारखी. मला बंदच पटतो. आमच्या गाइडला हे सांगितलं तर तो हसला आणि बसकडे निघाला.

संध्याकाळी बाजारात बायकोने भाचीसाठी चांदीचा अंख उचलला. मी म्हटलं, “अगं, चपलेचा बंद गळ्यात घालणार का ती?”

“भरताने पादुका सिंहासनावर ठेवल्या होत्या, गळ्याचं काय घेऊन बसलात,” म्हणाली, आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून निम्म्यावर आली.