पॅरा नऊ काढा, मग सही करतो

वकिलीत आठ वर्षं झाली मला, त्यातली शेवटची तीन बहुतेक फाशीच्या केसेसमध्येच गेली. ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये, एकदोन तपशील मुद्दाम बदललेत.

माझ्या एका फाशी झालेल्या अशिलाची रिव्ह्यू पिटिशन, म्हणजे निकालाच्या फेरविचाराचा अर्ज, सुप्रीम कोर्टात फेटाळली गेल्याचं जेल सुपरिटेंडेंटनी त्याला कळवलं त्याला त्या दिवशी २७ दिवस झाले होते. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाला ३० दिवस दिलेत, आधी राज्यपालांकडे आणि तिथून नकार आला की ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. ऐकायला महिना भरपूर वाटतो हो, पण सुट्ट्या, भेटीची परवानगी, जेलमधल्या वागणुकीचा रेकॉर्ड मिळवायला मारलेल्या चकरा हे सगळं वजा केलं की हातात काहीच उरत नाही. सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, म्हणून मी एकटीच गेले. सव्वीस पानांचा अर्ज, सही घ्यायची, जेलच्या ऑफिसात इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घ्यायचा, तासाभराचं काम असं मी धरून चालले होते.

त्या अर्जाचा सगळा जीव पॅरा नऊमध्ये होता. तो सात वर्षांचा असताना आई त्याला आणि धाकट्या बहिणीला सोडून निघून गेली, तीन वर्षांनी परत आली. मधल्या काळात बाप दारू पिऊन काय काय करायचा ते मावशीनं आम्हाला दोन बैठकांत सांगितलं, रडत, आणि आम्ही तिचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. हे सगळं ट्रायल कोर्टात कधी आलंच नव्हतं. खून दोन, पुरावा भक्कम, गुन्हा त्यानंही नाकारलेला नाही, पण शिक्षेवरची सुनावणी दोषी ठरवल्याच्याच दिवशी दुपारी उरकली आणि त्याचे तेव्हाचे वकील तरुण वय आणि म्हातारी आई एवढं बोलून खाली बसले. १९८० च्या बचन सिंग निकालापासून दुर्मिळातला दुर्मिळ खटला असेल तरच फाशी आणि आरोपीची परिस्थितीही बघा असं आहे, पण ती परिस्थिती गोळा कोण करणार हा प्रश्न कितीतरी वर्षं लोंबकळत होता. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात सुप्रीम कोर्टानं ट्रायलच्या टप्प्यावरच ही माहिती मागवा असं सांगितलं. याचा खटला त्याच्या आधीचा. वरच्या कोर्टात थोडंफार मांडलं गेलं पण मावशी तेव्हा सापडलीच नव्हती. म्हणजे हा माणूस लहानपणी कसा जगला हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं ते या अर्जात. आणि दयेच्या अर्जात समोर उभं राहून बोलायला मिळेलच असं नाही, केहर सिंग प्रकरणात १९८८ मध्येच कोर्टानं सांगितलंय की तोंडी सुनावणी हा हक्क नाही. जे काय बोलायचं ते कागदानं.

त्याला वाचता येतं, जेलमध्येच शिकला. बोट ठेवून वाचत होता, ओठ हलत होते. मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू. पॅरा नऊवर बोट थांबलं.

"हे कोणी सांगितलं?"

मी म्हटलं मावशींनी.

"हे काढा मॅडम."

मी समजावायला लागले, की हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, यानंच फरक पडू शकतो. तो शांतपणे ऐकून घेत होता आणि मग म्हणाला, "आई दर दोन महिन्यांनी येते. जाळीपलीकडं बसते. आम्ही कधी बोललो नाही यावर, एकदापण नाही."

"त्यांना वाचता येत नाही ना पण?"

"कोणीतरी वाचून दाखवेल की. पेपरात येईल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच येऊ शकतं.

बाहेर येऊन सिनियरना फोन लावला. ते म्हणाले, कायद्यात नातेवाईकालाही अर्ज करता येतो, आईच्या नावानं दुसरा टाकू, त्यात हे सगळं घालू. कायद्यानं चूक काहीच नाही त्यात. पण म्हणजे काय, तर त्या बाईला बसवून तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, की मी पोरांना टाकून गेले होते म्हणून माझा मुलगा असा झाला. मी म्हटलं सर, मला नाही जमणार. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, त्याची सही घे, बाकी नंतर बघू.

आत गेले, पॅरा नऊवर एक आडवी रेघ मारली आणि म्हटलं बाजूला छोटी सही करा. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. "वाचता येतंय की अजून." आणि माझ्याच बॉलपेननं एकेक शब्द गिरवून काळा करायला लागला. घाई नाही, काही नाही. 'आई' शब्द जिथे जिथे होता तिथे जास्त जोर द्यायचा. शेवटच्या ओळीवर कागद फाटला. शिपाई बघत उभा होता, तोही काही बोलला नाही.

फाटकं पान कोण घेणार, मग बाहेर जाऊन नवीन प्रिंट, पॅरांचे नंबर पुन्हा लावायचे, मावशीचं प्रतिज्ञापत्र काढायचं, अनुक्रमणिका बदलायची. परत आले तेव्हा मुलाखतीची वेळ संपली होती. जेलर चांगला माणूस निघाला, दहा मिनिटं दिली. सही झाली, इनवर्ड मात्र दुसऱ्या दिवशी, २८ व्या दिवशी.

माझ्याच क्षेत्रातले काही जण म्हणतात मी चूक केली, जीव वाचवणं आधी, लाज नंतर. रात्री झोप आली नाही की मलाही तसंच वाटतं. पण अर्ज त्याचा होता, आणि आयुष्यात त्याला विचारून झालेल्या गोष्टी फार थोड्या होत्या.

अर्ज अजून राज्यपालांकडेच आहे. उशीर होतोय याचं वाईट वाटून घ्यावं की नाही तेही कळत नाही, कारण २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात कोर्टानं सरकारच्या अवाजवी विलंबासाठीही फाशीची जन्मठेप केलीय, आणि त्याच विलंबात हा माणूस रोज दाराकडे बघत बसलेला असतो.

ते फाटकं पान मी ऑफिसच्या फाईलला लावलंय. त्याच्या आईचा फोन येतो मधूनमधून, काय झालं ताई. मी म्हणते, फाईल वर आहे. परवा तिनं विचारलं, त्यात काय काय लिहिलंय हो? मी म्हटलं, चांगलंच लिहिलंय सगळं.

"माझ्याबद्दल?"

तुम्ही दर दोन महिन्यांनी भेटायला येता, ते लिहिलंय म्हटलं. ते खरंच आहे, पॅरा बारा.