करवंटीतला पहारा

"अरे, तो सकर गेला बहुतेक. करवंटीतून बाहेरच येत नाही, काकडी टाकली तरी शिवत नाही. जाळी घेऊन ये," दादरच्या हिंदू कॉलनीतून काकांचा फोन आला. सकर म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ चरणारा मासा, आणि करवंटी त्याला लपायला टाकीत ठेवलेली. घरोघरी जाऊन फिशटँक साफ करायचं माझं काम, त्यामुळे मेलेला मासा काढायला बोलावणं नेहमीचंच.

करवंटीत टॉर्च मारला तर गडी चांगला जिवंत. पोटाखाली केशरी अंड्यांचा झुबका, साबुदाण्याएवढी एकेक, आणि हा पर हलवून त्यांच्यावर सारखा पाण्याचा झोत सोडतोय. मादी जवळ आली की अंगावर धावून तिला हुसकावतोय.

"म्हणजे बाळंतपण बाप्याचं?" काकू स्वयंपाकघरातून.

अगदी तसंच. हा ब्रिसलनोज जातीचा सकर, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंडी घालून मादी मोकळी होते. अंड्यांना ताजं पाणी मिळतं राहावं, बुरशी धरू नये, हे नर बघतो. नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मिशा असतात, मादीला त्या नसतात किंवा अगदी तुरळक. त्या मिशा पिल्लांसारख्या दिसतात आणि 'हा बाप पोरं सांभाळतोय' असं वाटून मादी भुलते, असा शास्त्रज्ञांचा एक तर्क आहे. मला तो पटतो. कोरीडोरास या टाकीतल्याच दुसऱ्या जातीच्या माशाचं याच्या उलट: काचेवर अंडी चिकटवायची आणि मग आईबापांनीच ती खायची.

काका जाळी धरून उभेच. करवंटी उचलून नीट बघू म्हणाले. मी हात लावू दिला नाही. नर बिथरला तर अंडी बाहेर ढकलून देतो. त्या दिवशी फक्त समोरची काच पुसली, बाकी शेवाळ तसंच ठेवलं; पिल्लांना पुढे तेच चरायचं होतं. काकांना मात्र अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे देणं जड गेलं.

आदल्या वेळी पाणी बदललं ते ऐन पावसातलं, टाकीतल्यापेक्षा गार. गार पाणी मिळालं की हे मासे बऱ्याचदा जोडी जमवून अंडी घालतात.

आठवडाभरात अंडी फुटली. पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन पिल्लं करवंटीच्या छताला तोंडाने चिकटलेली, आणि बाप अजून दारातच. बलक संपल्यावर ती काचेवर पसरली, तेव्हा कुठे त्याने काकडी खाल्ली.

"एवढी ठेवायची कुठे? पवई तलावात सोडून येऊ?" काकांचा पुढचा प्रश्न. तिथे मी आवाज चढवला. परदेशी मासा तळ्यात सोडायचा नसतो. याचाच मोठा भाऊबंद, फूटभर वाढणारा सकर, लोकांनी असाच सोडून दिल्याने आपल्याकडच्या पाण्यात पसरलाय. विणीसाठी काठाच्या मातीत बिळं पोखरतो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो.

पिल्लं इंचभर झाल्यावर कुर्ल्याच्या एका दुकानदाराने घेतली. पैसे नाही, खाद्याचे डबे दिले. काकांना तो सौदा अजून पटलेला नाही.