मी इंट्रोव्हर्ट आहे का? डिपेंड्स!

पर्सनॅलिटी टेस्टमधला एक प्रश्न मला दरवेळी अडवतो. ‘अनोळखी लोकांमध्ये तुम्ही सहज मिसळता का?’ आता हे अनोळखी लोक कोण, किती, त्या दिवशी माझी झोप झालीये का, आणि सोबत कोणी ओळखीचं आहे का, हे काहीच न सांगता नुसतं हो किंवा नाही वर टिक करायची. मग आपण काय करतो, तर आपल्या डोक्यात आपलं जे चित्र असतं ते बघून टिक करतो, आणि शेवटी टेस्ट तेच चित्र INFP वगैरे चार अक्षरांत बांधून आपल्यालाच परत देते. आणि आपण म्हणतो, अरे बापरे किती करेक्ट आहे!

करेक्ट वाटणारच ना. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या सायकॉलॉजिस्टने आपल्या विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून रिझल्ट दिला. प्रत्यक्षात सगळ्यांना शब्दन् शब्द एकच मजकूर होता, तोही बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. त्यामुळे वाचताना ‘हे तर मीच’ असं वाटलं, एवढ्यावर भरवसा ठेवायला मी तरी तयार नाहीये.

म्हणजे टाइप वगैरे सगळं फालतू, असंही नाही. इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट, म्हणजे आपल्यातच रमणारा आणि लोकांत रमणारा, ही जोडी कार्ल युंग या सायकिअॅट्रिस्टने १९२१ च्या पुस्तकातून लोकांसमोर आणली, आणि त्यावरून पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती सोळा टाइपवाली टेस्ट बनवली, प्रत्येक टाइपला चार अक्षरं, इंट्रोव्हर्ट असाल तर पहिलं I, एक्स्ट्रोव्हर्ट असाल तर E. विचार करायला सुरुवात म्हणून ठीकच आहे. गोची अशी की बहुतेक माणसं या मोजपट्टीच्या टोकांना नसतातच, मध्येच कुठेतरी असतात, आणि टेस्ट मात्र मधोमध रेघ मारून तुम्हाला अलीकडे नाहीतर पलीकडे ढकलते. रेघेजवळचा माणूस थोड्या दिवसांनी परत टेस्ट देतो आणि वेगळंच अक्षर घेऊन येतो, माणूस तोच!

मग लोक म्हणतात टेस्ट सोडा, शांत बसा, आत डोकावा. बरं, डोकावलं. पण आत डोकावून आपण पहिला प्रश्न काय विचारतो, तर ‘मी अशी का आहे?’ हा ‘का’ फार फसवा आहे हां. निस्बेट आणि विल्सन या सायकॉलॉजिस्टांचा १९७७ चा एक पेपर आहे, त्यात लोकांपुढे मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले होते आणि सगळ्यात चांगला निवडायला सांगितला होता. चारही जोड हुबेहूब सारखे. लोकांनी उजव्या टोकाचाच जास्त उचलला, आणि कारण विचारल्यावर कापड, विणकाम वगैरे सांगितलं. जागेमुळे निवडला असं एकानेही आपणहून सांगितलं नाही. खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आपण स्वतःबद्दल ‘लहानपणी असं झालं म्हणून मी अशी’ म्हणतो, त्यातलं किती खरं आणि किती मोज्यांचं कापड, देव जाणे.

म्हणून मी ‘का’ सोडून दिलंय आणि वहीत फक्त काय झालं ते लिहिते. कोण होतं, मी काय बोलले, काय टाळलं, नंतर दमल्यासारखं वाटलं की तरतरी आली, बस्स. विशेषणं नाहीत. ‘मी शांत स्वभावाची’ असं नाही, तर ‘मीटिंगमध्ये मुद्दा माहीत होता तरी बोलले नाही, बाहेर आल्यावर एकीला सगळा सांगितला’ असं. हे बोअरिंग असतं, पण नंतर सलग वाचलं की मजा येते, कारण स्वभावापेक्षा परिस्थितीच जास्त दिसायला लागते. मला माणसांचा कंटाळा येतो असं मी समजत होते, वहीत दिसतं की मला अचानक आलेल्या फोनचा कंटाळा येतो, ठरवून भेटलेल्या माणसांशी मी तासन् तास बोलते. आता हे कुठलं अक्षर?

आणि काही गोष्टी वहीतही येत नाहीत. सिमीन वझीर या सायकॉलॉजिस्टच्या २०१० च्या अभ्यासात हे छान दिसतं, आतली धाकधूक, टेन्शन आपलं आपल्यालाच जास्त चांगलं कळतं, पण हुशारी किंवा क्रिएटिव्हिटीबाबत मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा बरोबर निघतो. साहजिक आहे, तिथे आपला इगो मध्ये येतो.

तर जवळच्या माणसाला विचाराच, फक्त ‘मी कशी आहे गं?’ असं विचारू नका, त्यावर गोडगोडच ऐकायला मिळतं. ‘मागच्या वेळी आपलं वाजलं तेव्हा मी नेमकं काय केलं होतं?’ असं विचारा. उत्तर चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ‘अगं पण तेव्हा ना’ करून सफाई द्यायची नाही. आणि सफाई द्यायची फारच घाई झाली तर तेही वहीत लिहून टाका, कुठल्या वाक्याला झाली त्यासकट.