माळ गळ्यात राहू दिली

सोमवारी पोळ्या लाटता लाटता मावशी म्हणाल्या, “ताई, धाकट्याला कावीळ झालीय. काल सासूबाईंनी माळ घालून आणली.”

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये 21 वर्षं रक्त तपासते. कावीळ म्हटलं की मला बिलिरुबिनचा, म्हणजे रक्तात साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा आठवतो आणि माळ म्हटलं की डोकं तापतं.

ज्यांनी ही माळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी गुंफतात आणि ते कडं डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठीतला दोरा मोकळा होतो आणि कडं वाढत वाढत गळ्यात उतरतं, मग छातीवर येतं. लोक म्हणतात, कावीळ उतरतेय. तीच गत हात धुवायची. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी होतं.

हे मी 2009 साली किसननगरच्या आमच्या चाळीत करून दाखवलं होतं. शेजारच्या काकूंच्या मुलीला माळ घातली होती. मी तशीच माळ करून भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि दोन दिवसांनी काकूंना बोलावून, दहा बायकांसमोर, ती किती लांबली ते दाखवलं. बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. काकूंनी पदराने तोंड पुसलं, मुलीला हाताला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं. पुढे तिचं दुखणं वाढलं, तेव्हा त्यांनी तिला गावी नेलं. मुलगी वाचली. पण रिपोर्ट वाचता येणारी मी दोन दारं सोडून राहत होते आणि मला एका शब्दाने विचारावंसं त्यांना वाटलं नाही, हे मला अजून लागतं.

म्हणून या वेळी आधी विचारलं, “आजींनाच का एवढी घाई झाली?”

मावशींनी लाटणं बाजूला ठेवलं. “माझा दीर काविळीनेच गेला, ताई. तेव्हा माळ घालायला उशीर झाला म्हणून त्या अजून स्वतःला बोल लावतात.”

म्हणजे त्या काड्यांत एका आईचा गेलेला मुलगा गुंतला होता. माळेने कुणाचं यकृत बिघडत नाही. मग नक्की कशाने बिघडेल ते विचारायला लागले. काढा देताय का? हो, बाटलीभर आणलाय. तो आजपासून बंद, यावर मी अडून बसले. यकृत आधीच सुजलेलं, आणि बाटलीत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. नाक्यावरचा उसाचा रसही बंद, कारण त्यातला बर्फ कसल्या पाण्याचा ते कुणाला ठाऊक. त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त मीच काढलं. बिलिरुबिन 7.8, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पीटी ठीक, म्हणजे रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत अजून नीट बनवत होतं. हिपॅटायटिस ‘ई’ पॉझिटिव्ह.

आणि मावशींची मोठी सून सातव्या महिन्यात आहे.

हा विषाणू दूषित पाण्यातून येतो. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या 20 ते 25 बायका दगावू शकतात. ज्या नळाचं पाणी तो पोरगा प्यायला, त्याच नळाचं ती पीत होती.

संध्याकाळी लोकमान्यनगरला त्यांच्या घरी गेले. आजींनी दारातच विचारलं, “माळ काढायला आलीस?”

“नाही आजी. राहू द्या. मी पाण्याचं सांगायला आलेय.”

सुनेचं ऐकल्यावर त्या खाटेवर बसल्या. मग म्हणाल्या, “पण माळेनं बरा होईल ना पोरगा?”

इथे हो म्हणून टाकणं फार सोपं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “नाही आजी. तो विश्रांतीने बरा होईल. आणि तुमचा मुलगाही माळेवाचून गेला नाही. माळेला उशीर झाला नसता तरी ती त्याला वाचवू शकली नसती. तुमची चूक नव्हती.”

आजी खूप वेळ भिंतीकडे बघत होत्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, बोटं थंड होती. मग विचारलं, “किती वेळ उकळायचं?”

“खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटं. दात घासायलाही तेच.”

हे मावशींना विचारूनच लिहितेय. सुनेचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला. हा आजार अंगात दोन ते दहा आठवडे दबा धरून बसू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासणीला बोलावलंय. गॅस लवकर संपतो अशी मावशींची तक्रार आहे, पण मोठा टोप रोज दोनदा चढतो, आणि तो आजी चढवतात. पोराच्या गळ्यातली माळ बेंबीपर्यंत आलीय.